डोकं माझं, मर्जी माझी? हेल्मेटचा निर्णय नेमका कुठे होतो

"डोकं माझं आहे, फुटलं तर माझंच फुटेल. तुम्हाले काय करायचं?" नागपुरात हेल्मेटचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. ते मला उडवून लावावंसं वाटत नाही. स्वतःच्या शरीराचं काय करायचं हे स्वतः ठरवावं, ही साधी आणि रास्त अपेक्षा आहे. पण या वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत: हेल्मेटने खरंच काही वाचतं का, वाचत असेल तर आपण ते घालत का नाही, आणि सरकारने यात पडावं का. भांडण नेहमी तिसऱ्यावर होतं. मला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला आपण मर्जी म्हणतो ती बहुतेक वेळा मर्जी नसतेच. ती सवय, ऊन, खुंटी आणि चौकातला पोलीस यांनी मिळून ठरवलेली गोष्ट असते.

आधी हेल्मेट करतं काय ते पाहू. "मी तर तीसच्या वर गाडी नेत नाही" म्हणणाऱ्याला वाटतं की हळू चालवणाऱ्याला हेल्मेट लागत नाही. पण डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा गाडीच्या वेगापेक्षा डोक्याची उंची जास्त महत्त्वाची असते. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीला भिडते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. शंकरनगर चौकात सिग्नलला उभे असताना कोणी मागून धक्का दिला आणि तुम्ही आडवे झालात, तरी डोकं जवळपास याच वेगाने डांबरावर येणार. गाडीचा काटा शून्यावर असला तरी.

उलट बाजूही आहे. गाडी पन्नासने जात असेल आणि तुम्ही पडून रस्त्यावरून घसरत गेलात, तर तो पन्नासचा वेग घासत घासत कमी होतो. डोक्याला बसणारा सरळ दणका तेव्हाही मुख्यतः उंचीवरून पडण्याचाच असतो. म्हणूनच "एवढ्या स्पीडमध्ये हेल्मेट काय कामाचं?" हा युक्तिवाद वाटतो तितका पक्का नाही. दुभाजकावर, खांबावर किंवा ट्रकच्या मागच्या भागावर डोकं थेट आदळलं तर मात्र गाडीचा सगळा वेग डोक्यात जातो, आणि तिथे हेल्मेटची मर्यादा येते. वर्धा रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर ऐंशीने जाणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता त्या साडेएकोणीसच्या वेगाचं काय होतं ते पाहा. इजा वेगामुळे होत नाही, वेग किती अंतरात संपतो त्यामुळे होते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो ते याचसाठी. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर थांबायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे कातडी आणि केस दबतील तेवढेच. ढोबळ गणित केलं तर डोक्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट येतो. तेच अंतर अडीच सेंटिमीटर मिळालं तर झटका ६० पटीवर उतरतो. पहिल्या आकड्याला कवटी आणि मेंदू टिकणं अवघड, दुसऱ्या आकड्यातून माणूस उठून उभा राहू शकतो. हेल्मेट हे अडीच सेंटिमीटर मिळवून देतं, एवढंच त्याचं काम.

ते देतो बाहेरच्या चकचकीत कवचाच्या आत बसलेला पांढरा किंवा काळा थर, जो थर्मोकोलच्याच जातीचा असतो. बाहेरचं कवच टोकदार मार पसरवतं, आणि आतला थर चिरडला जाऊन दणक्याची ऊर्जा खातो. चिरडला गेलेला थर परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी ते काम करून संपलेलं असतं. हा थर असलेलं हेल्मेट अमेरिकेत १९५३ साली चार्ल्स लोम्बार्ड या संशोधकाच्या पेटंटमधून पुढे आलं. त्याआधीची शिरस्त्राणं मुख्यतः कडक टोप्याच होत्या.

मेंदूचं वजन असतं साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. तो कवटीच्या आत द्रवात असतो. कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो पुढे जाऊन एका बाजूला आपटतो, मग उलट बाजूला, आणि डोकं गरकन फिरलं असेल तर आतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. अशा वेळी कवटीला चीर नसली तरी आत नुकसान झालेलं असू शकतं. एक गोष्ट तर प्रत्येक घरात माहीत असायला हवी: डोक्याला मार लागल्यावर माणूस उठतो, कपडे झटकतो, "काई झालं नाई" म्हणतो, घरी जातो आणि काही तासांनी झोपेतून उठत नाही, असं होऊ शकतं. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असताना मधला काही काळ माणूस ठीक वाटतो. डोक्यावर आपटलेल्या माणसाला उलटी झाली, गुंगी आली, डोकं वाढत्या प्रमाणात दुखू लागलं किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं.

हेल्मेटने नेमका किती फरक पडतो? जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यू होण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी होते. ४२ म्हणजे १०० नव्हे. छाती चिरडली, पोटात रक्तस्राव झाला तर हेल्मेट काही करू शकत नाही. "आमच्या ओळखीच्यानं घातलं होतं, तरी गेला" ही गोष्ट खरी असते आणि ती ऐकून मन हेलावतं. पण हेल्मेटवर एक लांब ओरखडा घेऊन संध्याकाळी घरी आलेल्या माणसाची बातमी होत नाही, चहाच्या टपरीवर त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्यापर्यंत एकाच बाजूच्या गोष्टी पोचतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ दुचाकीवर हेल्मेट न घातलेली होती. त्या संख्येला ४२ टक्क्यांचा ढोबळ हिशेब लावला तरी एका वर्षात २१ हजारांच्या आसपास जीव वाचले असते.

एवढं असूनही डोकं उघडं का राहतं? लोकांना माहीत नाही म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. चौकात विचारा, शंभरातले नव्वद सांगतील की हेल्मेट घालायला पाहिजे. अडचण वेगळीच आहे, आणि तिचं पहिलं रूप आहे "इथंच तं चाललो".

किराणा आणायला, पोराला शिकवणीला सोडायला, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन यायला. प्रत्येक फेरीचा धोका खरोखरच नगण्य असतो, आणि म्हणून प्रत्येक फेरी आपल्याला खोटा धडा शिकवते: घातलं नाही, काही झालं नाही. समजण्यापुरतं धरू की एका फेरीत डोक्यावर पडण्याची शक्यता लाखात एक आहे. दिवसाला चार फेऱ्या, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं गाडी चालवली तर फेऱ्या होतात ३६ हजार. मग आयुष्यात एकदा तरी डोक्यावर पडण्याची शक्यता निघते शंभरात तीस. लाखात एक आणि शंभरात तीस, दोन्ही आकडे एकाच माणसाचे आहेत. आपण रोज सकाळी पहिला पाहून निर्णय घेतो, आणि परिणाम दुसऱ्याचा भोगतो. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण गणिताची चाल खरी आहे.

शिवाय जवळचा रस्ता सुरक्षित असतो हेही खरं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला हॅरी हर्ट यांचा अभ्यास १९८१ साली आला. त्यात आढळलं की बहुतेक अपघात खरेदी, छोटी कामं, मित्रांकडे जाणं अशा लहान फेऱ्यांत आणि निघालेल्या जागेपासून जवळच झाले. जवळच्या रस्त्यावर आपण सैल असतो. कोपऱ्यावरचा कुत्रा, अचानक उघडलेलं ऑटोचं दार, पावसाने उखडलेला गल्लीतला खड्डा, हे सगळं घराजवळच भेटतं.

दुसरं कारण ऊन. बाहेरचे लोक नागपूरकरांना या बाबतीत उपदेश करतात तेव्हा त्यांना एप्रिल-मेमधल्या दुपारी दोन वाजताचा कामठी रोड माहीत नसतो. पारा ४५ च्या वर गेलेला, सिग्नलला उभं राहिल्यावर खालून इंजिनची धग, वरून ऊन, आणि डोक्याभोवती बंद डबा. त्यात ऊन लागू नये म्हणून डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळायची आपली रीत, जी उन्हाळ्यात अगदी योग्यच आहे. पण जाड दुपट्ट्याने दोन गोष्टी बिघडतात. मागे बांधलेली गाठ हेल्मेट वर उचलते, आणि गुळगुळीत कापडामुळे ते डोक्यावर सरकतं. उपाय असा की डोक्याला हेल्मेटखाली फक्त पातळ सुती टोपी किंवा सुती फडक्याचा एकच पदर ठेवावा, आणि दुपट्टा मानेला व तोंडाला हेल्मेटच्या खालून गुंडाळावा. पांढरं किंवा फिक्या रंगाचं, हवा खेळायला भोकं असलेलं, आतलं अस्तर काढून धुता येणारं हेल्मेट नागपूरसाठी काळ्या चमकदार हेल्मेटपेक्षा केव्हाही बरं. इतकं करूनही मे महिन्यात त्रास होतोच. तो होत नाही असं सांगणारा माणूस विश्वास गमावतो.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते तिसरं कारण: हेल्मेट हाताशी नसणं. यावर एक चमत्कारिक पुरावा आहे. पश्चिम जर्मनीने १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्यांना जागच्या जागी दंड सुरू केला, आणि पुढच्या काही वर्षांत मोटरसायकलच्या चोऱ्या निम्म्याहूनही खाली आल्या. चोरांनी गाड्या सोडून दिल्या, कारण हेल्मेटशिवाय पळणारा माणूस लगेच नजरेत यायचा आणि चोरीला निघताना हेल्मेट सोबत न्यायची तसदी बहुतेकांनी घेतली नाही. जो माणूस तुरुंगाचा धोका पत्करायला तयार होता, तोसुद्धा हेल्मेट जवळ नव्हतं म्हणून थांबला. मग घाईत दूध आणायला निघालेल्या माणसाचं काय सांगावं? हेल्मेट आतल्या खोलीत कपाटावर असेल आणि किल्ली दाराजवळ असेल, तर निर्णय आधीच झालेला आहे. गाडीची किल्ली हेल्मेटच्या आतच ठेवायची, एवढा एक बदल केला की हेल्मेट हातात घेतल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

कचेरीत, कॉलेजात, लग्नाच्या हॉलवर हेल्मेट ठेवायचं कुठे, हाही खरा प्रश्न आहे. अनेक स्कूटरच्या डिकीत पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट मावत नाही. आरशाला अडकवलं तर चोरीला जातं, शिवाय आरशाचं टोक आतल्या थरात रुतून तिथे खड्डा पडतो. गाडीच्या हुकाला छोटं कुलूप लावून पट्टा त्यातून ओवता येतो. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांनी आणि शहरातल्या कॉलेजांनी गेटपाशी हेल्मेटसाठी मांडण्या ठेवल्या, तर भाषणांपेक्षा जास्त उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि चौक. चौक आला की हेल्मेट डोक्यावर, चौक गेला की हातात. असं करणाऱ्याने धोका चालान हा मानला आहे, रस्ता नव्हे. यात त्याचा पूर्ण दोष नाही. कॅमेरा आणि पोलीस दिसतात, पडणं दिसत नाही. पण हेल्मेट कोपरात अडकवून चालवणारा माणूस हँडलवरचा ताबा अर्धा घालवून बसतो, म्हणजे त्याने धोका वाढवून घेतलेला असतो.

नेहमीच्या शंका थोडक्यात. ऐकू येत नाही? हर्ट यांच्या अभ्यासात हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज दबल्याचं किंवा नजरेचा आवाका कमी होऊन अपघात झाल्याचं आढळलं नाही. हेल्मेट वाऱ्याचा आवाजही कमी करतं, त्यामुळे हॉर्न वेगळा कळतो. मानेला इजा होते? त्याच अभ्यासात हेल्मेटवाल्यांच्या मानेच्या इजा कमी निघाल्या. टक्कल पडतं? पुरुषांचं टक्कल मुख्यतः आनुवंशिक असतं. घामट, न धुतलेल्या अस्तराने कोंडा आणि खाज मात्र होते, तेव्हा अस्तर धुवावं.

आता तिसरा प्रश्न, सक्तीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. हे स्वातंत्र्यावर घाला आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात १९८८ सालीच झाला. हैदराबादमधल्या सक्तीविरुद्धच्या अजय कानू खटल्यात न्यायालयाने सांगितलं की या नियमाने फिरण्याचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही, नियम जिवाच्या रक्षणासाठी आहे. तरी वाद संपला नाही. पुण्यात २०१९ मध्ये सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. महाराष्ट्रात २०१६ साली "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" अशी घोषणा झाली आणि ती टिकली नाही.

"माझं डोकं" हा युक्तिवाद तत्त्व म्हणून प्रामाणिक आहे, पण त्याला एक अट पूर्ण करावी लागते: परिणामही फक्त माझाच असला पाहिजे. अमेरिकेतल्या फ्लोरिडाने २००० साली ही अट कागदावर आणून पाहिली. २१ वर्षांवरील आणि किमान दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असलेल्यांना हेल्मेटमधून सूट दिली. नंतर मोटरसायकलस्वारांचे मृत्यू वाढले, आणि वाढलेल्या गाड्यांची संख्या हिशेबात घेतल्यावरही प्रमाण वाढलेलंच राहिलं. आपल्याकडे तर विम्याची अटसुद्धा नाही. डोक्याला मार लागून जगलेला माणूस महिनोन्‌महिने आई, बायको किंवा बहिणीच्या हाताने जेवतो. शेती किंवा दागिने गहाण पडतात. ती मर्जी त्यांना कोणी विचारलेली नसते.

व्हिएतनामचं उदाहरण मला जवळचं वाटतं, कारण तोही उष्ण आणि दुचाकींनी भरलेला देश आहे. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सगळ्या रस्त्यांवर सक्ती झाली आणि हेल्मेटचा वापर थोड्याच काळात ९० टक्क्यांच्या पुढे गेला. सगळेच घालू लागल्यावर घालणारा वेगळा दिसेनासा झाला. आपल्याकडे बिन हेल्मेटच्या मित्रांत हेल्मेट घालून बसलेल्या पोराला भित्रा ठरवतात. ही अडचण एकट्याच्या निर्धाराने सुटत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित माणूस मागे बसतो. २०२२ च्या त्या ५०,०२९ मधले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेल्याला हँडल नसतं, पुढचा गतिरोधक दिसत नाही. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला धरायलाही नीट जागा नसते, आणि ती पडते तेव्हा बहुतेकदा मागे, म्हणजे डोक्याचा मागचा भाग आधी टेकतो. घरात एकच हेल्मेट असतं आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असतं, कारण चालान त्याच्या नावावर फाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाईच्या सूचना दिल्या, तेव्हा "आता बायकोलेही?" असा सूर ऐकू आला. मला त्या प्रश्नाचा अर्थच लागत नाही. पुढच्याचं डोकं जपायचं आणि मागच्याचं नाही, असं का?

लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे: चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. मोठ्याचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. ते डोळ्यांवर घसरतं आणि पडताना निघून जातं.

विकत घेताना आयएसआय खूण पाहावी. १ जून २०२१ पासून दुचाकीचं बिनखुणेचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. खूण खोटी असू शकते, म्हणून तिच्याखाली छापलेला परवाना क्रमांक मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त हेल्मेटांत अनेकदा आतला तो दाबला जाणारा थरच नसतो, नुसता पातळ स्पंज असतो. बोटाने दाबून पाहा: मऊ अस्तराच्या मागे टणक थर लागला पाहिजे. अर्ध्या टोपीसारख्या हेल्मेटपेक्षा हनुवटी झाकणारं घ्यावं. जर्मनीतले संशोधक डिटमार ओटे यांना आढळलं होतं की हेल्मेटवरच्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागात बसतात.

माप असं पाहा की घालून डोकं हलवलं तर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मग पट्टा बांधा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतका, आणि मागून हेल्मेट पुढे ढकलून पाहा. निघून आलं तर ते तुमचं माप नाही. न बांधलेलं हेल्मेट पहिल्याच दणक्यात उडून जातं आणि डोकं उघडंच आपटतं. दुकानात गेलातच, तर मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या आणि त्याच्या मापाचं दुसरं घ्या.